विनाटोकन

"उठतेस का आता? सेक्शन किती वेळ अडवून ठेवशील?" बाबा दारातूनच म्हणाले.

आई कॉम्प्युटरपुढे बसली होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मानेवर ओला टॉवेल, मांडीवर अर्धा विणलेला पिवळा स्वेटर. पडद्यावर एक्सेलचे चौकोन होते. एक चौकोन म्हणजे एक टाका. सुलट टाका पांढरा, उलट टाका निळा.

"मालगाडी आहे माझी," ती मागे न बघता म्हणाली. "सावकाश जाईल."

"मागून मेल आली की मालगाडीला बाजूला घेतात."

"तुमची कसली आली मेल! काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं पाहत बसता नुसते."

"टर्मिनल म्हणतात त्याला."

"मग बसा टर्मिनलला. पुढे कुठं जायचंच नाही तुम्हाला."

मी पलंगावर बसून लोकरीचे गुंडे करत होते आणि हसत होते. नाशिकला मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करत असे. दोन दिवसांची रजा काढून भुसावळला आले होते आणि संध्याकाळच्या गाडीनं परत निघायचं होतं. एप्रिल चालू होता. कूलर पाणी उडवत होता, तरी लोकर हाताला चिकटत होती. शेजारच्या फालक काकू आईला नेहमी विचारायच्या, "वहिनी, इथं माणसं उकडून मरू राहिली अन् तुम्ही स्वेटर कोणासाठी करता?" आई म्हणायची, "कुठं तरी थंडी पडतच असेल ना?"

घरात कॉम्प्युटर एकच होता आणि त्यात दोन संसार होते. चालू केला की पडद्यावर दोन ओळी यायच्या. वरची बाबांची, लिनक्सची. खालची आईची, विंडोजची. बाबा रेल्वेत सिग्नल इन्स्पेक्टर होते. निवृत्तीनंतर त्यांना लिनक्स आवडलं, कारण त्यात आत काय चाललंय ते दिसतं. आईला आत काय चाललंय याच्याशी कर्तव्य नव्हतं. तिला तिचे चौकोन हवे होते. दोघांची एक सामाईक जागा होती, डी ड्राइव्ह. घरातले सगळे फोटो तिथं, आणि तिथंच आईचं 'वीण' नावाचं फोल्डर. शाळेतून निवृत्त झाल्यावर तिनं आयुष्यभराचे विणकामाचे नमुने आलेखाच्या कागदांवरून त्यात उतरवले होते आणि कागद रद्दीत दिले होते. बऱ्हाणपूर, खंडवा, धुळे, कुठकुठच्या बायका तिला मेल पाठवून नमुने मागायच्या. बाबा स्वतःच्या फायलींची दर महिन्याला दुसऱ्या डिस्कवर कॉपी घेत. "तुझीही घेऊ का?" असं त्यांनी विचारलं की आई म्हणे, "माझ्या पसाऱ्याला हात लावू नका. माझी मी घेईन." तिनं ती कधीच घेतली नाही.

आईची एक सवय होती. उठताना ती कॉम्प्युटर पूर्ण बंद करायची नाही, झोपवायची. म्हणजे पडद्यावर जे जसं उघडं असेल ते तसंच डिस्कवर लिहून ठेवून मशीन बंद व्हायचं आणि पुढच्या वेळी नेमकं तिथूनच सुरू व्हायचं. पण तिचं विंडोज असं झोपलेलं असताना बाबांच्या लिनक्सनं डीमध्ये काही लिहिलं, तर डी बिघडण्याची भीती. एकदा थोडक्यात निभावलं होतं. तेव्हा बाबांनी आपल्या खात्यातला उपाय घरात आणला. एकेरी रुळावर एका वेळी एकच गाडी जावी म्हणून पूर्वी ड्रायव्हरच्या हातात टोकन देत. टोकन हातात नसेल तर गाडी हलवायची नाही. बाबांनी प्लायवूडची एक गोल चकती कापली, लाल रंगवली आणि टेबलाच्या कडेला खिळ्यावर टांगली. आई मशीन झोपवून उठली की टोकन तिच्याजवळ, सुयांच्या पिशवीत. पूर्ण बंद करून उठली की टोकन खिळ्यावर. खिळा रिकामा असेल तर बाबांनी मशीनला हात लावायचा नाही. आई या प्रकाराची यथेच्छ थट्टा करायची, पण टोकन एकदाही चुकवलं नाही.

त्या दुपारीही तसंच झालं. लोडशेडिंगची वेळ झाली. आईनं मशीन झोपवलं, टोकन पिशवीत टाकलं आणि म्हणाली, "मेल आउटर सिग्नलला उभी राहू द्या. उद्या सोडते."

"तक्रार करीन मी डीआरएम साहेबांकडे," बाबा म्हणाले.

"करा. चहा घेऊन करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं होतं. ती बादली उचलायला वाकली आणि तिथंच बसली. फालक काकू धावत आल्या, तोवर सगळं संपलं होतं. मला बाबांचा फोन आला. ते एवढंच म्हणाले, "हेमा, तू परत ये."

तेरावं झालं. माणसं आपापल्या गावी गेली. घरात आम्ही दोघंच उरलो. सकाळी चहा झाल्यावर बाबा खुर्ची ओढून माझ्यासमोर ताठ बसले.

"हेमा, मला एक निवेदन द्यायचं आहे."

असं ते फक्त खात्याच्या चौकशीबद्दल बोलायचे. मी कप खाली ठेवला.

"माझ्याकडून अपघात झाला."

"कसला अपघात, बाबा?"

"त्या दिवशी फोटो पाहिजे होता. पेपरला द्यायला. फालकांचा दिगंबर दारात उभा, गाडी चालू ठेवून. तो लग्नातला फोटो, निळ्या साडीतला, डीमध्ये होता."

"आणि टोकन?"

"तिच्याकडे."

"म्हणजे सुयांच्या पिशवीत."

"हो. पिशवी समोरच होती. माहीत होतं मला."  पायातली चप्पल त्यांनी काढली, पुन्हा घातली. "त्या पिशवीत हात घालवेना गं."



"विनाटोकन गाडी घातली मी. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. लिनक्सनं स्वच्छ नकार दिला होता. विंडोज झोपलेलं आहे, डी उघडणार नाही म्हणून. सिग्नल लाल होता, हेमा. मी पाहिला. नुसतं वाचण्यापुरतं उघडलं असतं तरी भागलं असतं. तेही सुचलं नाही. जबरदस्तीनं उघडलं. फोटो मिळाला, दिगंबरला दिला. मग वाटलं, एक लहान करून ठेवावा तिथंच, भिंतीवर लावायला. तो लिहिला जात होता आणि लाइट गेली."

"मग?"

"मग डी दिसेना. वीण गेलं. तिचं सगळं गेलं."

"हे कुणाला बोललात?"

"कोणाला बोलू? ती असती तर तिला बोललो असतो. तिनं दोन दिवस फाडून खाल्लं असतं, अन् तिसऱ्या दिवशी मिटलं असतं."

मी उठून टेबलापाशी गेले. खिळा रिकामाच होता.

"चला," मी म्हणाले. "बघू काय उरलंय ते."

बाबा कीबोर्डला शिवायला तयार नव्हते. "चौकशी पूर्ण होईपर्यंत ड्रायव्हरला गाडी देत नाहीत," म्हणाले. आमच्या ग्रंथालयातल्या जुन्या मशीनांवर लिनक्स चढवायला त्यांनीच मला फोनवरून शिकवलं होतं, तेव्हा हात माझे आणि डोकं त्यांचं, ही पद्धत दोघांच्या अंगवळणी पडलेली होती. ते माझ्या मागे उभे राहिले. मी वरची ओळ निवडली.

"डी उघडू नको. काही दुरुस्त करू नको. आधी पंचनामा. आहे तशी, मोडलेल्या अवस्थेत, पुरीच्या पुरी डी दुसऱ्या डिस्कवर उतरव."

"हो."

"कुठून कुठं ते दोनदा वाच. उलटं झालं तर कोरी डिस्क तिच्यावर उतरेल."

"वाचलं, बाबा."

"मोठ्यानं वाच."

मी मोठ्यानं वाचलं. मग एंटर दाबलं. डिस्क घरघरायला लागली आणि आकडे हळूहळू वर सरकू लागले. बाबा प्रत्येक वेळी आकडा क्षणभर थांबला की श्वास धरायचे. फालक काकूंनी भरीत पाठवलं होतं. ते आम्ही टेबलापाशीच ताट घेऊन, आकड्यांकडे बघत खाल्लं.

"तिला इतकं तिखट चालत नाही," बाबा म्हणाले.

"हो," मी म्हणाले.

दुपारी कॉपी पुरी झाली. आता दुरुस्ती. ती कशी करायची हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं, म्हणूनच बहुधा दोघंही ताटं उचलण्यात वेळ काढत होतो. झोपलेल्या विंडोजच्या डोक्यात डीचा जुना नकाशा असतो. आपण झोपलो असताना कुणी आत येऊन सामान हलवून गेलंय, हे त्याला ठाऊक नसतं. ते उठलं की जुन्या नकाशाबरहुकूम वागायला लागतं आणि जे वाचलंय तेही तुडवलं जातं. म्हणून ते उठवायचं नाही. झोपताना त्यानं जे लिहून ठेवलंय ती फाइल पुसायची, विंडोज कोऱ्या मनानं सुरू करायचं आणि मग त्यालाच डी तपासायला लावायची.

"झोपेची फाइल पुसते," मी म्हणाले.

बाबांनी मागून माझ्या खुर्चीची पाठ धरली.

"बाबा?"

"त्यात ती आहे."

"त्यात एक्सेल आहे, बाबा."

"तेच म्हणतो मी."

मी हात मांडीवर घेतले. कूलरचं पाणी संपत आलं होतं. तो कोरडा खडखडत होता, पण दोघंही उठलो नाही.

"कॉपी झाली ना आपली?" बाबा म्हणाले. आवाज एकदम कामाचा झाला होता. "मग डीचं आणखी वाकडं झालं तरी कॉपीवरून परत आणता येईल. नियमात बसतं. एकदाच उठवू. पाहू आणि बंद करू."

नियमात बसत होतं. तेवढंच कारण होतं असं मात्र मी म्हणणार नाही. मशीन पुन्हा चालू करून मी खालची ओळ निवडली.

काळ्या पडद्यावर पांढरी पट्टी सरकत राहिली. आणि मग, काही विशेष न घडल्यासारखी, आईची दुपार समोर आली.

कोपऱ्यातल्या घड्याळात क्षणभर त्या दिवशीची वेळ दिसली, मग ते भानावर येऊन आजच्या वेळेवर गेलं. समोर पिवळ्या स्वेटरचा नमुना होता. गळ्यापर्यंतचे चौकोन रंगवलेले, वरचे मोकळे. त्याच्यामागे पत्त्यांचा डाव अर्धवट उघडा.

बाबा वाकले. "पत्ते? 'काम करू राहिले' म्हणायची मला!"

"मालगाडी होती ना," मी म्हणाले.

"अन् पाहा, हरू राहिली होती. लाल दश्शा इथं वर येतो की सरळ. इतका वेळ माझं सेक्शन अडवून धरलं, अन् दश्शा दिसला नाही तिला." ते हसले. त्या दिवसांत पहिल्यांदाच हसले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा पडद्याजवळ गेले.

नमुन्याच्या खाली आईनं सूचना लिहायला घेतल्या होत्या. तिच्या सूचना अशाच असायच्या, समोर कुणीतरी बसलेलं असल्यासारख्या. 'गळ्यापाशी दोन टाके एकत्र घ्यावेत. घट्ट ओढू नये, लेकरू डोकं घालताना रडतं. पुढच्या ओळीत दोन सुलट, एक'. तिथं वाक्य थांबलं होतं, आणि त्याच्यापुढे कर्सर उघडझाप करत होता.

"उलट," बाबा म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत?"

"इतकी वर्षं कानावर पडू राहिलंय. माझ्याशी भांडतानाही मोजते ती. 'दोन सुलट, एक उलट, तुम्ही मला शिकवू नका, दोन सुलट.'"

त्यांनी खुर्ची ओढली. सकाळपासून कीबोर्डला न शिवलेले त्यांचे हात पुढे आले. इतक्यात पडद्यावर एक चौकट उघडली. डी वाचता येत नाही. ती मिटवली तर दुसरी आली.

"बाबा, नका. याला डी जुनीच वाटतेय. बंद करू या."

"हे सेव्ह कर आधी."

मी प्रयत्न केला. होणार नव्हतंच. मी मोबाइल काढून पडद्याचा फोटो घेतला आणि त्यांच्यापुढे धरला. अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. त्यांनी तो नीट पाहिला आणि माझ्या हातात परत दिला.

"यात ते उघडझाप करत नाही," ते म्हणाले.

मी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. 

"असंच राहू दे," बाबा म्हणाले. "बंदच करायचं नाही. कोणाचं काय अडलंय? उद्या इन्व्हर्टर बसवून घेतो. चोवीस तास चालू ठेवू."

"हे चालू आहे तोवर वीण दुरुस्त होणार नाही."

"कॉपी आहे ना?"

"मोडलेल्या डीची कॉपी तीही मोडलेलीच आहे. काहीही दुरुस्त करायचं तर हेच विंडोज नव्यानं सुरू करावं लागेल. तुम्हाला माहितेय, बाबा. तुम्हीच शिकवलंत."

"पाहू मग. घाई काय आहे?"

"किती बायका तिच्या नमुन्यांसाठी लिहितायत. तिनं केलेलं सगळं त्यात आहे. सगळं. हे एक वाक्य सोडून."

"माहीत आहे मला."

पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकते. वीण परत आलं. विंडोजनं पूर्ण दुपार डी तपासली आणि जवळजवळ सगळे नमुने जागच्या जागी सापडले. काहींची नावं मात्र गेली. ते नुसते आकडे लावून वेगळ्या फोल्डरात पडले, पोरक्यासारखे. बाबांनी पुढची काही वर्षं ते एकेक उघडून पाहण्यात घालवली. खंडव्याच्या एका बाईंना फोन करून ते विचारायचे, "चौकोनात चौकोन आहेत आणि मध्ये पान, हा कोणता हो?" आणि नाव मिळालं की मला नाशिकला फोन करून सांगायचे. पुढे पुढे तर ते नुसत्या चौकोनांवरून टोपी की बंडी ते ओळखायचे. आता बाबाही नाहीत. ते फोल्डर माझ्याजवळ आहे, त्याच्या तीन ठिकाणी कॉपी आहेत, आणि नमुने अजून मागितले जातात.

पण त्या दुपारी यातलं काहीच झालेलं नव्हतं. समोर ते वाक्य होतं आणि त्याच्या टोकाशी ती बारीक उभी रेघ. दिसायची, जायची. दिसायची, जायची. कूलर आता पूर्ण कोरडा झाला होता. बाहेर कुणीतरी शेवयांचा पाट दोरीनं बांधून गच्चीवर चढवत होतं. त्याचे धपधप आवाज येत होते.

"सोड ना," बाबा म्हणाले. "थोडा वेळ. ती काही रोज—" आणि थांबले. मग लहान मुलासारखे, पडद्याकडे बघतच म्हणाले, "हे तिचं आहे, हेमा. तिला न विचारता कसं बंद करायचं?"

मी फोनवर, दारात, तेराव्याच्या पंगतीत, जो येईल त्याला 'आईचं असं असं झालं' म्हणत होते. पेपरला द्यायचा मजकूर मीच लिहिला, त्यात 'अल्पशा आजाराने' लिहून ते पुन्हा खोडलं. समाचाराला येणाऱ्या बायका माझ्या गळ्यात पडून ते दोन शब्द म्हणायच्या आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचे. मी ते म्हटले नव्हते. बाबांना तर नाहीच. आणि त्यांनीही मला म्हटले नव्हते. आम्ही दोघं इतके दिवस एकमेकांना वाढत होतो, औषधांची आठवण करत होतो, आणि त्या शब्दांना वळसा घालून चालत होतो.

त्यांचे हात अजून कीबोर्डवर होते. मी त्यांवर माझे ठेवले. ते गार होते, इतक्या उन्हाळ्यात.

"बाबा," मी म्हणाले, "आई गेली."